१८ सप्टेंबर २०१४चं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत: यस की नो? स्कॉटलंडमधल्या मराठी लोकांनी जरा बोला

मुक्ता_लीथ
मंडळी, येत्या गुरुवारी १८ सप्टेंबर २०१४ला मत द्यायचंय, ब्रिटनमधून निघून स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं का, आणि माझं अजून तळ्यात मळ्यात चाललंय. आम्ही एडिंबरात राहतो, नवरा बँकेत, मी हॉस्पिटलमधे, पासपोर्ट भारताचेच, पण कॉमनवेल्थवाले म्हणून मत आहे. या वेळी वयाची अट १६ केल्यामुळे मुलगीही टाकणार, ती पक्की यस, नवरा पक्का नो, रोज जेवताना जुंपते आणि दोघं शेवटी माझ्याकडे बघतात.

पत्रकं दोन्हीकडची वाचली. यसवाले म्हणतात पाउंड राहणार, युरोपियन युनियन राहणार, राणी पण राहणार, फक्त वेस्टमिन्स्टर म्हणजे लंडनच्या संसदेची सत्ता जाणार. नोवाले म्हणतात पाउंड जाणार, बँका जाणार, पेन्शनचं काही खरं नाही. यात धरायचं काय आणि सोडायचं काय? आणि दुसरं, उद्या वाटलं तर आपण गाशा गुंडाळून परत जाऊ शकतो, मग दुसऱ्यांच्या देशाचे दोन देश करायचे का हे आपण ठरवावं का? नुसतं अमक्याला दे असं लिहू नका प्लीज, का ते लिहा.

तेलवाला_अ‍ॅबर्डीन
मी नो. कारण पैसा, उगाच तात्त्विक काही नाही.

स्कॉटिश सरकारच्या स्वातंत्र्याच्या श्वेतपत्रिकेत, म्हणजे गेल्या नोव्हेंबरात निघालेलं ते ६७० पानांचं बाड, तेलाचा भाव बॅरलला ११० डॉलरच्या आसपास धरलाय. या आठवड्यात ब्रेंट, म्हणजे नॉर्थ सीच्या तेलाचा भाव, शंभरच्या खाली आला. आमच्या धंद्यात भाव पडला की आधी कॉन्ट्रॅक्टवाले घरी जातात, मग नवीन विहिरी थांबतात, आणि नॉर्थ सीमधलं सोपं तेल कधीच उपसून झालंय, आता जे उरलंय ते काढायलाच महाग. सर इयन वुडनी पण गेल्या महिन्यात सांगितलं की साठ्याचे आकडे फार जास्त धरलेत, आणि तो माणूस या धंद्यात आयुष्य काढलेला आहे. तेलाचा टॅक्स कमी आला तर ब्रिटनला खरचटतं, ५३ लाखांच्या देशाचं बजेट कोसळेल.

पाउंडाचं म्हणाल तर ब्रिटनचा अर्थमंत्री ऑस्बोर्न फेब्रुवारीत एडिंबरात येऊन सांगून गेला की सामाईक चलन मिळणार नाही, मजूर पक्ष आणि लिबडेमनी लगेच री ओढली. इथला फर्स्ट मिनिस्टर सामंड, यसवाल्यांचा म्होरक्या, म्हणतो ही पोकळ धमकी आहे, मत पडल्यावर येतील वठणीवर. येतीलही. पण माझं मॉर्गेज पाउंडात आहे, 'येतीलही'च्या भरवशावर मी सही करत नाही.

सुन्या_ग्लासगोकर
तेलवाले साहेब, त्याच समुद्रातल्या तेलावर नॉर्वेने फंड उभा केला, लंडनने आला पैसा तसा उडवला, हे पण लिहा की.

मी यस. इथून वेस्टमिन्स्टरला ५९ खासदार जातात, त्यात हुजूर पक्षाचा फक्त एक. एक! तरी सरकार त्यांचं, बेडरूम टॅक्स (भाड्याच्या घरात खोली जास्त असली की घरभत्त्यात कपात) त्यांचा, आणि एक खोली जास्त आहे म्हणून लोक अर्ज भरत फिरतात असं इथे घरोघरी ऐकायला मिळतं. आपल्या पोरांचं घ्या, शिक्षण झाल्यावर दोन वर्षं काम करायचा व्हिसा लंडनने २०१२ला बंद केला. इथली विद्यापीठं ओरडतायत पण व्हिसा इथल्या सरकारच्या हातात नाही. श्वेतपत्रिकेत तो परत सुरू करू म्हटलंय.

आणि नो म्हणजे आहे तसं चालू राहणार या भ्रमात राहू नका. पंतप्रधान कॅमेरूनने गेल्या वर्षी जानेवारीतच जाहीर केलंय, पुन्हा निवडून आलो तर २०१७ संपायच्या आत युरोपात राहायचं का यावर मतदान घेणार. तुम्ही युरोप सुटू नये म्हणून नो द्याल आणि मग इंग्लंडच्या मतांनी युरोपातून बाहेर पडाल.

पक्या_लंडन
माझा बॉस डंडीचा, सात पिढ्या तिथल्या, पण राहतो लंडनला म्हणून त्याला मत नाही आणि मुक्ताताईंना भारतीय पासपोर्टवर आहे, हे सांगितल्यापासून तो माझ्याशी नीट बोलत नाहीये :) यासाठी तरी टाकाच मत. बाकी तुमच्या स्कॉटिश नोटा इथले दुकानदार आत्ताच उलटसुलट करून बघतात.

काळेकाका_पर्थ
मुक्ता, तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो. जो इथे राहतो तो मतदार अशीच यादी केलीय, जन्म-वंश बघितलेला नाही. तुझा टॅक्स इथे जातो, मुलगी इथल्या शाळेत आहे, तेव्हा संकोच कसला.

आता धरायचं काय. दोन्ही बाजू ठासून जे सांगतायत त्यातलं निम्मं आज कुणालाच ठासून सांगता येणार नाही, कारण लंडनने मतदानाआधी वाटाघाटी करायलाच नकार दिलाय. पाउंड, कर्जाची वाटणी, इथल्या फास्लेन तळावरच्या ट्रायडंट अण्वस्त्रांच्या पाणबुड्या, हे सगळं यस आल्यावर एकदम टेबलावर येणार आणि हे दे ते घे करत सुटणार. स्वातंत्र्याची तारीख धरलीय २४ मार्च २०१६, हातात जेमतेम दीड वर्ष, त्यात मे २०१५ला ब्रिटनची निवडणूक, म्हणजे समोर बसणार कोण तेही ठरलेलं नाही. युरोपचं तेच, आत राहून करारात बदल करायचा की बाहेरून अर्ज करायचा यावरच वाद आहे.

म्हणून मी वेगळं विचारतो. दोन्हीकडचं वाईटात वाईट धर, निस्तरता कुठलं येईल? नो देऊन पस्तावलो तर पुन्हा मागता येतं, कॅनडातल्या क्यूबेकने असं सार्वमत १९८०ला घेतलं आणि १९९५ला परत घेतलं. यस देऊन पस्तावलो तर परतीची वाट जवळपास नाहीच. हा मुद्दा नोकडे झुकतो, कबूल. पण ज्याला मनापासून वाटतं की चुकीचे निर्णयसुद्धा इथेच घेतले जावेत त्याला तेल ११० की ९० याने फरक पडू नये, त्याने किंमत मोजायच्या तयारीने यस द्यावं. मला सामंडचा राग येतो तो यासाठी की किंमत नाहीच म्हणून सांगतो, आणि नोवाल्यांचा पुढारी डार्लिंगचा यासाठी की एकत्र का राहावं हे सांगायचं सोडून बागुलबुवा दाखवत बसतो.

आणि सामंड आवडतो म्हणून यस, आवडत नाही म्हणून नो, असं तरी करू नको. गोव्यात १६ जानेवारी १९६७ला कौल झाला, फूल (महाराष्ट्रात विलीन) की दोन पानं (वेगळंच राहायचं). बांदोडकरांना महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं, लोकांनी ते पाडलं आणि दोन-अडीच महिन्यांत बांदोडकरांनाच परत सत्तेवर बसवलं.

तेलवाला_अ‍ॅबर्डीन
काका, एक राहिलं. १९७९ला इथे स्कॉटिश विधानसभेसाठी सार्वमत झालं, मतं टाकणारे ५१.६ टक्के लोक हो म्हणाले तरी एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती म्हणून बारगळलं. या वेळी तसली अट नाही, एका मतानेही इकडचं तिकडे होईल. ७ तारखेच्या यूगव्ह पोलमधे यस ५१ होतं, तेव्हा घरी बसू नका कुणी.

मुक्ता_लीथ
काकांचा निस्तरायचा प्रश्न रात्री घरात टाकला. नवरा खूश, मुलगी म्हणाली यापुढची पन्नास वर्षं मला इथे काढायचीत, चुकलो तर आमचं आम्ही बघू. यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

मी थोडी नोकडे आहे, पण पाउंडासाठी नाही. मला ज्याची काळजी आहे ते, म्हणजे हॉस्पिटलं, शाळा, फुकट प्रिस्क्रिप्शन, हे आत्ताच एडिंबराच्या हातात आहे. सुन्या म्हणेल पैसा लंडनहून येतो...

सुन्या_ग्लासगोकर
म्हणणारच! लंडन आपल्याला पैसा देतं त्या बार्नेट फॉर्म्युल्यात, इंग्लंडने स्वतःकडचा आरोग्याचा खर्च कापला की स्कॉटलंडचाही हिस्सा आपोआप घटतो. चालवायला तुम्ही, तिजोरी त्यांची.

मुक्ता_लीथ
हो, तिथेच अडलंय माझं. बुधवारपर्यंत बघते. बरं, नवऱ्याने टेबल आवरताना माझं पोलिंग कार्ड कुठेतरी टाकलंय, आता काय?

काळेकाका_पर्थ
काही अडत नाही. यादीत नाव असलं की झालं, नाव-पत्ता सांगायचा, या मतदानाला ओळखपत्र मागत नाहीत, बोटाला शाई नाही, पेन्सिलने फुली मारायची. सकाळी ७ ते रात्री १०.