वारशाने आलेल्या पॉलिश केलेल्या दगडी चकत्या कशा ओळखायच्या?

कावेरी_ना

आजोबांच्या संग्रहातल्या साठेक चकत्या आता माझ्याकडे आहेत. बहुतेक ५-६ मिमी जाडीच्या, एका बाजूने आरशासारख्या गुळगुळीत, पाठीवर करवतीच्या खुणा तशाच. काहींच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने आकडे लिहिलेत, पण त्या आकड्यांची वही सापडत नाही. बऱ्याच अकीक (ॲगेट) आहेत एवढं कळतं. या सात ठिकाणी अडले आहे (फोटो जोडलेत):

१. गडद हिरवी, त्यात लाल ठिपके. १० × ७ सेंमी.
२. हिरव्यातच गडद-फिकट वळ्या, मध्ये डोळ्यासारखी वर्तुळं. आकाराच्या मानाने जड. ९ × ७ सेंमी.
३. पांढऱ्या, मधाळ आणि तपकिरी पट्ट्या, उजेडात धरली की आरपार प्रकाश येतो. १२ × ८ सेंमी.
४. भडक गुलाबी अकीक, मधे स्फटिकांची पोकळी.
५. तपकिरी, लंबगोल, झाडाच्या खोडासारखी वलयं. १४ × १२ सेंमी.
६. विटकरी दगडात पिवळे शिंपल्यांसारखे तुकडे.
७. करडी-काळी, तिरकी धरली की निळी झळाळी. ७ × ५ सेंमी, पण जाडी २० मिमी, एक कोपरा फुटका.

पॉलिश न बिघडवता घरच्या घरी काय करता येईल? ॲसिड टाकून बघावं का?

---

दगडफोड्या

३ नंबर अकीकच आहे, फोटोत पट्ट्या स्पष्ट दिसतायत. १ म्हणजे उदयपूरकडचा हिरवा मार्बल. ७ लॅब्रेडोराइट.

---

भूस्तर

फोटोवरून ३ आणि १ ठरवू नका, दोन्हींत फसायला भरपूर जागा आहे. कावेरी, ॲसिड तूर्त कपाटातच राहू दे. पॉलिश केलेल्या कॅल्साइटवर (संगमरवर आणि चुनखडक ज्या खनिजाचे बनतात ते) व्हिनेगरचा थेंब पाच मिनिटं राहिला तरी निस्तेज डाग पडतो आणि तो पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

कुठलीही चाचणी करण्याआधी प्रत्येक चकतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पांढऱ्या ठिपक्यावरचे आकडे, चिठ्ठ्या, गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागदसुद्धा फेकू नका. दगड कोणता हे चाचणीने कळतं. तो कुठून आला हे बहुतेक वेळा फक्त चिठ्ठीच सांगते.

मग सुरुवात पाठीकडून करा. चकाकत्या बाजूला काच, राळ, अकीक, संगमरवर सगळेच सारखे दिसतात. दहापट भिंगाने फुटकी कड बघा. फूट मेणचट आणि शिंपल्यासारखी वळणदार असेल तर दगड गारगोटीच्या घराण्यातला (अकीक, जॅस्पर, चर्ट). साखरेसारखे सपाट चमकणारे दाणे दिसले तर संगमरवर किंवा कॅल्साइट.

नंतर कठीणपणा. पाठीवर कडेजवळ स्टीलच्या चाकूचं टोक जोर देऊन ५ मिमी ओढा. इथे हमखास घोटाळा होतो. दगड चाकूपेक्षा कठीण असेल तर चाकूचंच पोलाद झिजून दगडावर करडी रेघ उमटते आणि ती ओरखड्यासारखी दिसते. रेघेवरून नख आडवं फिरवा, भिंगातून बघा. खाच पडली असेल तरच तो ओरखडा. मोह्सच्या १ ते १० या कठीणपणाच्या मापावर चाकू साधारण ५.५ धरा. कॅल्साइट ३, मॅलॅकाइट ३.५ ते ४, फेल्डस्पार ६, गारगोटी ७. उलट तपासणी म्हणून चकतीची धारदार कड रिकाम्या बाटलीवर ओढा. गारगोटी काचेला सहज कापते.

तिसरं, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड. ०.१ ग्रॅम दाखवणारा, दोनेक किलो क्षमतेचा काटा लागेल. आधी चकती कोरडी असताना वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, चकती बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा, तळाला आणि कडांना लागू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंमी तिचं आकारमान. कोरडं वजन भागिले तो आकडा, झालं. पाठीला चिकटलेले बुडबुडे ओल्या ब्रशने काढा, नाहीतर उत्तर कमी येतं. मोठ्या चकतीला पसरट पातेलं नको, अरुंद उभा प्लास्टिकचा डबा घ्या म्हणजे पाण्याचं वजन काट्याच्या क्षमतेत राहतं. शाईचा आकडा असलेली चकती बुडवण्याआधी शाईच्या कडेला ओला कापूस लावून ती उतरत नाही ना, ते बघा.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा ३ नंबरसाठी निरुपयोगी. अकीक २.६ च्या आसपास, कॅल्साइट २.७१. दीडशे ग्रॅमच्या चकतीत बाहेर सरलेलं पाणी ५५ ग्रॅमच्या जवळपास असतं, म्हणजे १ ग्रॅमच्या चुकीने उत्तर ०.०५ ने हलतं आणि दोघांतला फरकच निम्मा खाऊन टाकतं. तिथे निकाल चाकू देईल.

---

अकीकवाला

४ बद्दल: अकीक खरा, रंग बाहेरून चढवलेला. तसा भडक गुलाबी अकीक निसर्गात मिळत नाही. अकीक सूक्ष्म छिद्रांचा असल्याने रंग पितो, पण सगळे थर सारखे पीत नाहीत. म्हणून एखादी पट्टी गडद तर शेजारची पांढरीच राहते, आणि तडांमध्ये रंग साचून गर्द रेघ दिसते. भिंगातून ती रेघ शोधा. कापसाच्या काडीला ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हरही चालेल) लावून पाठीवर अर्धा मिनिट घासा. गुलाबी रंग सेंद्रिय असतो, तो थोडाफार उतरतो. निळ्या चकत्यांवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्यातला निळा बऱ्याचदा लोहाच्या क्षारांपासून दगडाच्या आतच तयार केलेला असतो. म्हणजे ॲसिटोनने रंग सुटला तर रंगवलेला नक्की, सुटला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. गुलाबी चकती खिडकीत ठेवू नका, उन्हाने फिकी पडते.

लाल-नारिंगी कार्नेलियनबद्दलही लोक विचारतात: गुजरातेत रतनपूरचा अकीक भाजून लाल करण्याची आणि खंभातला तो घडवण्याची परंपरा फार जुनी आहे. भाजणं म्हणजे फसवणूक नव्हे, आतलंच लोह उष्णतेने लाल होतं.

१ माझ्या मते ब्लडस्टोन, म्हणजे हिरव्या कॅल्सेडनीत (गारगोटीच्याच घराण्यातली) लोहाचे लाल ठिपके. सौराष्ट्रात आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मिळतो. दगडफोड्या म्हणतात तो उदयपूर-केसरियाजीचा 'हिरवा मार्बल' नावालाच मार्बल. तो सर्पेंटाइन असतो, चाकूने ओरखडतो आणि त्यात पांढऱ्या शिरांचं जाळं असतं, सुटे लाल ठिपके नसतात. चाकू चालवा, एका मिनिटात वाद मिटेल.

२ मॅलॅकाइट दिसतोय. पण नकलीही भरपूर फिरतात, राळेत पूड कालवून केलेल्या. त्यांच्या वळ्या फार धारदार, मधेच काळ्या रेघा आणि वजन कमी. खरा ३.६ ते ४ च्या मधे येतो. एक महत्त्वाचं: मॅलॅकाइट तांब्याचा कार्बोनेट, त्याची धूळ विषारी. कोरडा घासू नका, भोक पाडू नका, व्हिनेगर लावू नका. चाकूची रेघसुद्धा एकच, पाण्याचा थेंब टाकून.

---

सोनकी

६ हा जैसलमेर जिल्ह्यातला हाबूर दगड असावा: विटकरी चुनखडक आणि त्यात पिवळे जीवाश्म. त्याच्या भांड्यात विरजणाशिवाय दही लागतं असं सांगून तो विकतात. दगड ओळखायला दह्याची गरज नाही. पाठीवर सुईने जराशी भुकटी काढा आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. चुनखडक फसफसतो. भुकटी चकतीवरून बशीत झटकून घेतली तर पॉलिशला धक्काच लागत नाही, हीच पद्धत ३ ला वापरा. हार्डवेअरमधलं टाइल धुण्याचं ॲसिड यासाठी नको, त्याच्या नुसत्या वाफेनेही जवळच्या चकत्यांचं पॉलिश आणि लोखंडी वस्तू खराब होतात.

५ साठी वलयं हा पुरावा पुरेसा नाही. पट्ट्यांचा जॅस्पर आणि राजस्थानातला 'रेनफॉरेस्ट' नावाने विकला जाणारा सर्पेंटाइनही लांबून लाकडासारखे दिसतात. अश्मीभूत लाकडात भिंगातून पेशींच्या बारीक रांगा दिसायला हव्यात आणि वलयांना काटकोनात, केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या किरणरेषा. वलयांऐवजी सगळीकडे सारखे टिंबासारखे ठिपके विखुरले असतील तर ताडाच्या जातीचं लाकूड. चकती पाण्याने ओली करून बघा, पेशी कोरड्यापेक्षा नीट उठून दिसतात.

---

कावेरी_ना

सगळ्यांचे आभार. ०.१ ग्रॅमचा काटा मिळाला, आकडे असे:

१: ९६.४ ग्रॅम, पाणी ३६.९. म्हणजे २.६१. चाकूची करडी रेघ आली, पण खाच नाही. काच कापते.
२: ११८.२ / ३०.६ = ३.८६.
३: १४१.६ / ५२.२ = २.७१. चाकूने खोल ओरखडा, भुकटी व्हिनेगरमध्ये फसफसली.
४: पाठीवरून कापूस गुलाबी झाला.
५: २०३.० / ७८.४ = २.५९. काच कापते, किरणरेषा दिसतात, बारीक छिद्रंही.
६: फसफसतो.
७: १६७.५ / ६१.८ = २.७१. चाकू लागत नाही.

७ आणि ३ सारखेच २.७१ आले, मोजण्यात चुकले का? आणि ३ च्या पॉलिशखाली कडेला काहीतरी सोलल्यासारखं दिसतंय.

---

भूस्तर

चूक नाही. कॅल्साइट आणि लॅब्रेडोराइट जातीचा फेल्डस्पार यांचं विशिष्ट गुरुत्व जवळपास एकच आहे, म्हणून एकट्या आकड्यावर कधी जायचं नाही. चाकूने दोघांना वेगळं केलंच आहे.

१ ब्लडस्टोन. २ खरा मॅलॅकाइट. ३ पट्टेदार कॅल्साइट. दिवे-फुलदाण्यांच्या बाजारात त्याला 'ओनिक्स' म्हणतात, पण खऱ्या ओनिक्सशी (जो अकीकच असतो) त्याचा काही संबंध नाही. वहीत फक्त 'ओनिक्स' लिहू नका, 'पट्टेदार कॅल्साइट' लिहा. ५ अश्मीभूत लाकूड; छिद्रं दिसतायत म्हणजे ते रुंद पानांच्या झाडाचं, कारण सूचिपर्णी लाकडात अशा मोठ्या वाहिन्या नसतात. ते कुठल्या ठिकाणचं, हे नुसत्या चकतीवरून सांगणार नाही.

७ ची जाडी बघा. संग्राहक ४ ते ६ मिमी कापतात. २० मिमी ही ओट्याची आणि फरशीची जाडी. त्यामुळे नॉर्वेचा लार्विकाइट असण्याची शक्यता जास्त, इमारतींच्या दगडांत तो 'ब्लू पर्ल' नावाने मिळतो. चकती हळूहळू फिरवा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे वेगवेगळे स्फटिक वेगवेगळ्या कोनांत चमकले आणि मधे काळे दाणे असतील तर लार्विकाइट. लॅब्रेडोराइटच्या एकाच स्फटिकाचा मोठा पट्टा एकदम पेटतो आणि त्यावर समांतर बारीक रेघा असतात. दोऱ्याला बांधलेलं चुंबक काळ्या दाण्यांजवळ न्या, मॅग्नेटाइट असेल तर ते किंचित ओढलं जाईल.

---

अकीकवाला

३ वर सोललेलं म्हणजे वॉर्निश किंवा स्प्रे लॅकर. मऊ दगडाला नीट पॉलिश करायचा कंटाळा आला की मारतात, काही वर्षांनी पिवळं पडून सुटतं. कोपऱ्यात ॲसिटोनचा कापूस अर्धा मिनिट टेकवा, चिकट लागलं तर नक्की. हवेशीर जागी सगळं काढता येतं, ॲसिटोनने कॅल्साइटला काही होत नाही. पण खालचा पृष्ठभाग बहुधा मंद निघेल. तो चमकवायचा तर ओल्या पॉलिश पेपरने ४००, ८००, १२०० असं चढत जा, मग ओल्या नमद्यावर टिन ऑक्साइड. प्रत्येक पायरीला चकती आणि हात धुवा. ४०० चा एक कण १२०० च्या पेपरखाली राहिला तर रेघ पडते आणि परत मागे जावं लागतं. मॅलॅकाइटवर हे करू नका.

बाकीच्या चकत्या कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ टूथब्रश एवढ्यावरच स्वच्छ होतात. पाठीवर जुन्या करवतीचं तेल मुरून काळपट झालं असेल तर कोरड्या मुलतानी मातीत दोन-तीन दिवस पुरून ठेवा, माती तेल ओढते.

---

कावेरी_ना

७ मध्ये तीन-चार स्फटिक वेगवेगळ्या कोनात चमकतायत, आणि काळ्या दाण्यांपाशी चुंबक हललं. लार्विकाइट.

---

सोनकी

आता पांढऱ्या ठिपक्यांवरचे आकडे एका कागदावर क्रमाने उतरवून बघा. सलग आकड्यांच्या चकत्या एकाच जातीच्या निघाल्या तर त्या एकाच सहलीत किंवा एकाच विक्रेत्याकडून आल्या असण्याची शक्यता असते. तसं असेल तर एकीची चिठ्ठी सापडली की शेजारच्यांचं ठिकाणही अंदाजाने लिहिता येईल, पण पेन्सिलने आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकून. नवे आकडे द्यायचे तर जुन्याला हात न लावता पाठीवर दुसऱ्या कोपऱ्यात. सेलोटेप नको, तिचा डिंक दगडात मुरतो.