थेऊरकडे बंगल्यासमोर खडीचा रस्ता करावा का?

प्रश्न
गेट ते पोर्च ५० फूट लांब, १० फूट रुंद. खाली काळी माती, उतार जेमतेम. रोज एक कार, दोन स्कूटर, अधूनमधून पाण्याचा टँकर. कडेला दोन जुने आंबे आहेत, म्हणून काँक्रीट नको वाटतं. खडी टिकेल का? किती ब्रास लागेल?

दगडमाती
टिकेल, पण थेट मातीवर ओतलीत तर नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मातीवर टँकरचं चाक आलं की खडी खाली जाते आणि चिखल वर येतो.

टँकर आहे म्हणून १० इंच खोदा. तळ दाबून त्यावर जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड), जोडाला फूटभर चढवून. मग ४० एमएम खडी नि कच (दगडाचा बारीक चुरा) मिसळून ९ इंच. पण ३-३ इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबलेला. एकदम ९ इंच भरले तर फक्त वरचा भाग दबतो आणि पहिल्याच पावसात चाकोऱ्या पडतात. मध्य कडांपेक्षा दीड इंच उंच ठेवा, आणि हा उंचवटा खालच्या थरातच काढा. शेवटी २ इंच १२ ते २० एमएम खडी, दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे खडी अडवणारे कडेचे दगड.

हिशोब: खालचा थर दाबून पावणेचार ब्रास, म्हणजे सैल माल साधारण पावणेपाच. वरचा एक ब्रास. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी खाली करण्याआधी माल टेपने मोजून घ्या.

स्कूटरवाला
वरचा थर २ इंचांपेक्षा जाड नको, पुढचं चाक रुतून हँडल फिरतं. नदीतले गोटे तर मुळीच नकोत. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, क्रशरची कोनाची खडी अडकते. गेटजवळचे १० फूट मात्र ८० एमएम जाडीच्या पेव्हर ब्लॉकचे करा. तिथेच ब्रेक लागतो, खडी रस्त्यावर उडते आणि सरकतं गेट असेल तर रुळात अडकते.

प्रश्न
खडीमुळे आंब्याला पाणी मिळेल ना?

दगडमाती
थोडंच. कच घालून दाबलेल्या थरातून पाणी फारसं मुरत नाही, वाहून जातं. ते एका कडेच्या चरातून आळ्याकडे वळवा. खोडाच्या आसपास १० इंच खोदू नका, अन्न-पाणी घेणारी मुळं वरच्याच थरात असतात. तिथे रस्ता वळवा. तेवढी जागा नसेल तर न खोदता कच नसलेल्या खडीची पातळ भर घाला, आणि टँकर तिथून नेऊ नका.

एक त्रास कायमचा: आंब्याची पानं. खडीत ती कुजून माती होते आणि हरळी कापडाच्या वरच रुजते. पानं वाळलेली असतानाच दाताळ्याने ओढून काढा, पावसाळ्याआधी तर नक्कीच.