'सिस्टिम सेलर'ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई: कन्सोलच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणतेय आणि 'सिस्टिम सेलर'पाशी गाडी अडलीय. म्हणजे जो खेळायचा म्हणून लोक नवं यंत्रच घेतात, असा गेम. उदाहरणार्थ, अटारीने १९८० मध्ये आर्केडमधला 'स्पेस इन्व्हेडर्स' घरच्या २६०० या यंत्रावर आणला आणि तेवढ्यासाठी लोकांनी अटारी घेतला. मी 'खपाऊ खेळ' लिहिलं. संपादक म्हणतात, चूक. का बरं?

उंटावरचा: बरोबर म्हणतात. खपाऊ म्हणजे स्वतः खपणारा. 'जीटीए ५' खंडीने खपला, पण तो प्लेस्टेशनवरही होता नि एक्सबॉक्सवरही, मग त्याने कुणाचं यंत्र खपवलं म्हणायचं? उलट 'वी स्पोर्ट्स' २००६ मध्ये आला तेव्हा अमेरिका-युरोपात यंत्राबरोबरच मिळायचा, सुटा खपायचा प्रश्नच नव्हता. तरी वी हे निन्टेन्डोचं यंत्र घेतलं गेलं तो त्यातल्या टेनिस-बोलिंगसाठी. म्हणून 'यंत्रखपवू'. गल्लाभरू, वेळकाढू, पोटभरूच्या चालीवर.

घटोत्कच: 'यंत्रखपवू' वाचून पिठाची गिरणी विकायला आलेला माणूस दिसला. त्यातून आमच्याकडे खपणे म्हणजे शेतात राबणे. लढाईत खपणे ते आणखी निराळं! सिस्टिम सेलरच ठेवा. टेबलाला मेज कोण म्हणतं आता?

पाटीपेन्सिल: मेज तरी कुठे आपलं? पोर्तुगीज आहे.

उंटावरचा: फारसी.

पाटीपेन्सिल: गोव्यात येऊन सांगा. असो. माझं मत 'आमिषखेळ'. १९८९ मध्ये गेम बॉय हे निन्टेन्डोचं हातातलं यंत्र अमेरिकेत यायच्या आधी गेम-प्रकाशक हेंक रॉजर्सने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना, अराकावांना पटवलं, की सोबत मारिओ दिलात तर मुलगे घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. दिला टेट्रिस. हे आमिष नाही तर काय?

रानजाई: आमिष म्हणजे मुळात मांस, निरामिष त्यावरूनच. आणि आमिष म्हटलं की पुढे फसवणूक आलीच. टेट्रिसमध्ये कोण फसलं?

घटोत्कच: माझ्या दहावीचे मार्क.

जुनाबाजार: तुम्ही सगळे उलट्या बाजूने निघालात. नव्वदीत 'कन्सोल' कोणाच्या तोंडी होता? फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती यंत्राची, नक्कल असलेल्या त्या डब्याला आम्ही 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि खेळाला 'कॅसेट'. सरळ वाक्य होतं: 'मारिओपायी बाबांना व्हिडिओ गेम घ्यायला लावला.' अमक्यापायी घेतला, संपलं. प्रत्येक गोष्टीला नाम कशाला पाडायचं?

पाटीपेन्सिल: 'पायी' म्हटलं की नुकसान येतं. दारूपायी घर गेलं.

जुनाबाजार: मग बाबांना विचारा नुकसान झालं की नाही!

रानजाई: पण मथळ्यात 'अमक्यापायी' कसं घालू? नाम लागणारच.

उंटावरचा: नुकसान कंपनीचंही असतं. मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स तोट्यात विकला, भरून काढायचं गेमवर. म्हणून तर 'हेलो' बनवणारी बंजी आधीच, २००० मध्ये विकत घेऊन टाकली. 'फायनल फँटसी ७' ची गंमत वेगळी. निन्टेन्डो ६४ हे यंत्र कार्ट्रिजवर, म्हणजे खेळाच्या चिपा असलेल्या डबीवर, अडून बसलं, खेळ तेवढ्यात मावेना, तेव्हा तो बनवणारी स्क्वेअर कंपनी प्लेस्टेशनवाल्या सोनीकडे गेली. १९९७ मध्ये तीन सीड्यांवर तो आला नि प्लेस्टेशनची चांदी झाली.

पाटीपेन्सिल: 'कार्ट्रिज' कशाला? कॅसेट म्हणा, जुनाबाजार म्हणतात तसं.

घटोत्कच: शुद्धीवाले पाटीपेन्सिल कॅसेटच्या बाजूने? शिवाय आत टेप नसते, नुसत्या चिपा. कॅसेट हा आपला गल्लीतला घोळ.

जुनाबाजार: घोळ कसला! खुद्द जपानात फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला 'कासेत्तो'च म्हणतात.

घटोत्कच: हे माहीत नव्हतं. पण मग फुंकायचे का तेही?

जुनाबाजार: सगळं जग फुंकायचं. निन्टेन्डो ओरडून सांगायची फुंकू नका, ओलाव्याने पिना गंजतात. पण फुंकल्याशिवाय आमची कॉन्ट्रा लागायचीच नाही.

रानजाई: उद्या लेख द्यायचाय हो. यंत्रखपवू की आमिषखेळ?

पाटीपेन्सिल: थांबा, कॉन्ट्रा 'लागायची'? आमच्याकडे तो कॉन्ट्रा.

जुनाबाजार: कॅसेट ती, म्हणून कॉन्ट्राही ती.

उंटावरचा: मग मारिओ पण ती का?