मदत हवी आहे: अल्बममध्ये गाणं बदलताना टक् आवाज येतोय, अर्जंट

करवीर_रिव्हर्ब:
आमच्या बँडचा पहिला अल्बम, पोस्ट-रॉक, गाणारं कोणी नाही, दोन गिटार बेस ड्रम्स एवढंच. पाचही गाणी एकमेकांत मिसळत जातात, एकाचा घुमारा संपायच्या आत दुसरं सुरू, सगळी रचनाच तशी आहे. आता प्रत्येक गाणं बदलताना गॅप पडालाय आणि टक् करून वाजालंय. स्टुडिओवाला फोन उचलंना. उद्या रात्रीपर्यंत अपलोड करायचंय. काय करू? फालतू रिप्लाय नकोत प्लीज.

बेसूर_बबन:
फाइल वेव (न दाबलेली) का एमपीथ्री (दाबून लहान केलेली)? कशावर ऐकतोयस? एवढ्यावरनं काय सांगायचं भावा.

राजारामपुरी७वी:
गायक घ्या एक. शब्दाशिवाय पब्लिक बसत नाही, गणपतीत बघितलंय.

करवीर_रिव्हर्ब:
@राजारामपुरी हेच नको म्हटलं होतं. @बबन ड्रमरनं पाठवल्यात, मोबाईलवर ऐकतोय. एमपीथ्री दिसतंय.

बेसूर_बबन:
मग गॅप त्याचाच. एमपीथ्रीत आवाज 1152 सॅम्पलच्या (आवाजाच्या एकेका मोजमापाच्या) तुकड्यांत भरतात, शेवटचा तुकडा अर्धवट राहिला की उरलेली जागा शांततेनं भरायची, सुरुवातीला पण थोडी शांतता चिकटते. काही प्लेअर ती काढून टाकतात, काही नाही. मूळ वेव ऐक आणि अपलोडला पण वेवच दे.

जुनी_कॅसेट:
एवढा खटाटोप कशाला, सगळं जोडून एकच ट्रॅक कर. गॉडस्पीड या कॅनडातल्या पोस्ट-रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची 1998 ची सीडी बघ, तीनच लांबलचक ट्रॅक. त्याआधी 1997 ला व्हायनल आलं त्यात तर शेवटची खाच बंद आहे, सुई उचलेपर्यंत तेच वाजत राहतंय.

बेसूर_बबन:
आणि स्ट्रीमिंगला? स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक प्ले, मग ट्रॅक तीन मिनिटाचा असूदे नाहीतर चाळीस. पाचाचं एक करून पोरांचं नुकसान कशाला?

जुनी_कॅसेट:
प्ले मोजायला बँड काढलाय का.

देवल_क्लबचा_श्रोता:
ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते तिथे नुसती गिटारं बडवायची! निदान तबला तरी घ्यायचा होता.

करवीर_रिव्हर्ब:
काका धागा टक् चा आहे. वेव लॅपटॉपवर ऐकल्या, गॅप गेला. पण तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये टक् आहेच.

शाहूपुरी_साउंड:
पाचही गाण्यांचे प्रोजेक्ट वेगळे आहेत काय? मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) एकेकाचं केलंय का सगळ्यांचं मिळून? सॉफ्टवेअर कुठलं?

करवीर_रिव्हर्ब:
वेगळे. एकेकाचं. रीपर. हे सगळं लागतं होय?

शाहूपुरी_साउंड:
लागतं की. तिसऱ्याचा डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) अजून वाजत असताना फाइल तोडलीय आणि चौथं कोऱ्या शांततेतनं उठतंय, वेव्हफॉर्म एकदम उडी मारते, तोच टक्. मास्टरिंगआधीचे मिक्स घुमाऱ्याच्या शेपटीसकट बाहेर काढ आणि सगळे एकाच प्रोजेक्टमध्ये एकमेकांवर चढवून ठेव. मास्टरिंगच्या इफेक्टांची साखळी सगळ्यावर मिळून एकच लाव, मग गाण्यांचे रीजन (टाइमलाइनवर आखलेले भाग) करून रेंडर कर, म्हणजे फाइल बाहेर काढ. आयटम (टाइमलाइनवरचे आवाजाचे तुकडे) कापत बसू नको, रीपर कापलेल्या टोकाला आपोआप बारका फेड (आवाजाचा चढ-उतार) लावतं आणि परत खड्डा पडतो. सीडी काढणार असशील तर रीजनच्या सीमा सीडीच्या फ्रेमवर घे, सेकंदाला 75 फ्रेम, एका फ्रेमला 588 सॅम्पल. नाहीतर सीमेवर परत कुरकुर.

मिसळ_अँड_मेटल:
ट्रॅकची भाषा विचारतील तिथं मराठी टाकू नको, शब्दच नाहीत तर इन्स्ट्रुमेंटल. आमचं त्यावरनंच रखडलं होतं.

राजारामपुरी७वी:
कव्हरवर रंकाळा टाका, चालतंय.

करवीर_रिव्हर्ब:
@शाहूपुरी नाद खुळा! टक् गेलं. पण आता चौथ्याची सुरुवात, जी एकदम हळू पाहिजे, ती तिसऱ्याच्या शेवटाएवढीच मोठी वाजालीय. हे काय नवीन?

शाहूपुरी_साउंड:
रेंडरच्या खिडकीत नॉर्मलाइझची (आवाज ठरलेल्या पातळीला आणायची) टिक आहे काय बघ, प्रत्येक फाइल वेगळी ओढत असणार. स्क्रीनशॉट टाक, आणि या वेळी पूर्ण खिडकीचा टाक.