अनुभव धागा: पत्र्याचा टप की कापडी? कोकणात कूपे आणि कन्व्हर्टिबल

धागाकर्ता

दोन दारांची गाडी कोकणात ठेवायची म्हटली की वाद इंजिनावरून होत नाही, टपावरून होतो. पक्क्या टपाची कूपे की उघडमीट करणारी कन्व्हर्टिबल? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी अशा गाड्या सांभाळल्यात किंवा गॅरेजात खोलल्यात त्यांनी लिहा. गाडी कशी घेतली, घरचे काय म्हणाले, ते नको. दुसऱ्याच्या कामाला येईल तेवढंच.

सुरुवात करून देतो. तुलनेला पोर्शेची ७१८ जोडी बरी. केमन ही कूपे, बॉक्स्टर कापडी टपाची. खालची गाडी एकच, मॅन्युअल गिअर असलं तर वजनही दोन्हीचं १,३३५ किलो. फरक पडतो सामानात. पुढची डिकी दोन्हींना १५० लिटर, पण मागे केमनला २७५ आणि बॉक्स्टरला १२५. (मागची डिकी इंजिनाला लागून असते, तापते. आंब्याची पेटी पुढेच ठेवा, नाहीतर मुंबईला पोचेपर्यंत अढी लागलेली असेल.) सगळ्याच गाड्यांत वजन असं जुळत नाही. पोर्शेच्याच ९११ च्या ९९२ पिढीची कॅब्रिओले (म्हणजे कन्व्हर्टिबल) तिच्या कूपेपेक्षा सुमारे ७० किलो जड आहे. टप गेला की तळाला पट्ट्या आणि जोड देऊन ती ताकद भरून काढावी लागते.

तंगूस

कापडी टप वरून गळतो हा समज आधी काढा. कापड तीन थरांचं असतं: बाहेर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, आत अस्तर. कोकणचा पाऊस ते सहज झेलतं. पाणी आत येतं ते तुंबलेल्या मोऱ्यांतून. टप दुमडतो त्या खळग्याच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतात, तिथून नळ्या खाली चाकाच्या कमानीजवळ उतरतात. गाडी सुरूच्या बनाजवळ उभी राहत असेल तर सुरूच्या काड्या सरळ त्या भोकात जातात, वर लाल माती बसते आणि बूच तयार. पाणी मग कार्पेटखाली साचतं. बऱ्याच गाड्यांत सीटखाली कंट्रोल युनिट असतं, ते भिजलं की गाडी चालूच होत नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या झेड४ मध्ये (२००३ नंतरची ई८५ पिढी) तर टपाची हायड्रॉलिक मोटर त्याच खळग्याच्या तळाशी बसवली आहे. मोरी तुंबली की मोटर बुडते. जाणकार ती काढून डिकीत हलवतात. घेणार असाल तर ते काम झालंय का, आधी विचारा.

साफ करायची रीत: टप अर्धा उघडून थांबवा, पाचोळा हाताने उचला. मग २ मिलिमीटर जाडीची तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) घ्या, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा म्हणजे नळीला भोक पडणार नाही, आणि हलक्या हाताने वरून आत सरकवा. अडली तर फिरवा, ढकलू नका. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतला सांधा निसटतो आणि नळी दाराच्या मागे कुठेतरी सुटी लोंबकळते. मग पाणी कायमचं आतच. शेवटी प्रत्येक मोरीत अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि खालून तेवढंच बाहेर येतंय का बघा.

आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागायच्या आधी एकदा, नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा. झाडाखाली गाडी असेल तर महिन्याला.

कूपेवाल्यांनी हसू नये. काचेखालच्या पन्हळीला आणि सनरूफला असल्याच मोऱ्या असतात. फक्त तिथे पाणी आत शिरायला जास्त दिवस लागतात.

पडवी

माझ्या मते टप निवडायच्या आधी गाडी रात्री कुठे उभी राहणार ते बघा. पक्की शेड नसेल तर कन्व्हर्टिबलचा विचार सोडा. कारणं कोकणातलीच आहेत.

नारळ. पत्र्यावर पडला तर पोचा आणि डेंटिंगचं बिल. कापडावर पडला तर कापड फाटतं, खालची कमान वाकते, आणि कमान वाकली की टप परत नीट बसत नाही. झावळीचा देठही तेच करतो. निसर्ग वादळात (३ जून २०२०) श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या वाड्या कशा आडव्या झाल्या ते आठवा, आणि माडाखालची जागा सावलीची म्हणून निवडू नका.

माकडं. ऊन लागलेल्या कापडावर बसायला त्यांना आवडतं, आणि नखांना शिवण सापडली की ती उसवेपर्यंत दम नाही.

उंदीर. दुमडलेल्या टपाची घडी म्हणजे त्यांना आयतं बाळंतघर. गाडी उभी करताना टप बंदच ठेवा.

आंब्याचा आणि काजूचा चीक रंगावर पडला तर ओल्या फडक्याने त्याच दिवशी निघतो. कापडात मुरला तर डाग राहतो.

कव्हर घालायचं तर हवा खेळणारं. प्लास्टिकच्या ताडपत्रीत दमटपणा कोंडतो, आठवड्याभरात शिवणींवर हिरवी बुरशी.

मालवणी खाजा

मे म्हयन्यात अकरा वाजता टप उघडून कुडाळ-मालवण करशात तर डोक्याची पेज होतली. सकाळी सात ते साडेनव, नायतर दिस कलल्यार. मधी एसी लावा नि गप ऱ्हवा.

कुंभार्ली

वरच्यांना दुजोरा. टप उघडा ठेवून मजा येईल असे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळ-संध्याकाळ. हायवेवर ट्रकमागे लागलात तर धूर आणि लाल धूळ थेट नाकात. मजा आतल्या रस्त्यांवर: आरे-वारे, गणपतीपुळे ते जयगड, देवगडकडचे कातळ. मागे जाळीचा विंड डिफ्लेक्टर लावून काचा वर ठेवल्या तर सत्तर-ऐंशीलाही बोलता येतं. सर आली तर बॉक्स्टरचा टप ९ सेकंदांत लागतो, ताशी ५० पर्यंत चालत्या गाडीत. अलीकडच्या झेड४ चा (जी२९) १० सेकंदांत, वेगाची मर्यादा तीच. घाटात सर दिसते तेव्हा ती वळणापलीकडे पोचलेली असते, तेव्हा ढग बघूनच बटण दाबा.

आंबा आणि कुंभार्ली घाटात मात्र कूपेच सरस. खडबडीत वळणावर कन्व्हर्टिबलचा डॅशबोर्ड आणि काचेची चौकट थरथरते. गाडी बिघडलेली नसते, वरचा बांध नसल्याने होतं. पण थरथर रोज वाढत असेल तर टपाच्या खिट्ट्या आणि तळाच्या पट्ट्यांचे बोल्ट तपासा. खाऱ्या हवेत ते गंजून ढिले होतात.

रापण

फेरीबोटीचं कुणी लिहिलं नाही. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ, सगळीकडे अडचण एकच: बोटीची फळी आणि जेट्टीचा उतार जिथे मिळतात तिथे कोन पडतो. जी२९ झेड४ चा ग्राउंड क्लीअरन्स ११४ मिलिमीटर, म्हणजे कोन तीव्र असला की नाक नाहीतर पोट घासणार. आधी उतरून चालत बघा. शंका असेल तर खलाशाला सांगून पुढच्या बोटीला थांबा. भरती-ओहोटीने बोट लागायची जागा बदलते. ओहोटीला जेट्टीचा खालचा भाग शेवाळलेला असतो, रुंद टायर तिथे फिरतात. एक्सलरेटर अगदी अलगद. ९११ ला पुढचा भाग साधारण ४० मिलिमीटर उचलायची सोय पर्यायी मिळते. इथे राहणार असाल तर ती आधी घ्या, रंग मागून निवडा.

बोटीवर टप बंद. तुषार दिसत नाहीत, पण मीठ चामड्यावर आणि स्विचवर बसतं. घरी आलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर कापडी टपापासून लांब, रबराच्या कडांवर तर नकोच.

गतिरोधक नियमाप्रमाणे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असेल तर अशी बसकी गाडी सरळ जाते. गावात रात्रीतून घातलेला जांभ्याचा उंचवटा मीटरभरही रुंद नसतो, तिथे पोट टेकतं. एकेक चाक चढेल असं तिरकं घ्या.

हळदोणकर

पत्र्याच्या दुमडत्या टपाचं काय? माकड आणि कापड फाडणारं चोराचं ब्लेड, दोन्हींपासून सुटका होईल ना?

तंगूस

होईल. २००९ ते २०१६ ची झेड४ (ई८९) तशीच आहे, टपाला २० सेकंद लागतात. पण टप डिकीत जाऊन बसतो: बंद असताना ३१० लिटर, उघडल्यावर १८०. बिजागऱ्या, सेन्सर, हायड्रॉलिक नळ्या कापडी टपापेक्षा बऱ्याच जास्त, आणि रबराचे सांधेही जास्त. खाऱ्या हवेत सांधे सुकतात, मग करकरतात, मग गळतात. तीन महिन्यांनी रबर ओल्या फडक्याने पुसून त्याला रबराचंच ग्रीस बोटाने पातळ लावा. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

पडवी

पावसाळ्यात गाडी उभी करून ठेवणार असाल तर: टाकी भरलेली, टायरमध्ये नेहमीपेक्षा ५-६ पीएसआय जास्त हवा, हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे, कारण दमट हवेत पॅड डिस्कला चिकटतात. बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा चार्जर), आणि तोही वीज जाऊन आली की आपोआप चालू होणारा, नाहीतर जुलैत त्याचा उपयोग शून्य. चौकट नसलेल्या काचा दार उघडताना थोड्या खाली सरकतात. बॅटरी मेली की काच सरकत नाही आणि दार ओढलंत तर रबर फाटतं किंवा काच तडकते. हे कूपेलाही लागू.

कापडाची तयारी एप्रिल-मेमध्येच. सौम्य साबण, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. सावलीत पूर्ण वाळवा, मग पाणी झटकणाऱ्या द्रावाचे दोन हात, आणि पुढचा दिवसभर पाणी लागू देऊ नका. ओला टप दुमडावा लागला तर घरी पोचताच उघडून वाळवा. दोन दिवस घडीत राहिला तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

चिपळूणजवळचा

पुराचं एक. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरात पाणी किती चढलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या गाड्या मुळात बसक्या, वायरिंग तळाशी. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्याच. कापडी टप किती घसाऱ्याने धरणार ते कंपनीकडून आधी लेखी मागा. पाणी दाराच्या उंबरठ्यापर्यंत आलं असेल तर बटण दाबून बघायचा मोह नको. बॅटरीची तार काढा, गाडी उचलून न्या.

तंगूस

जुनी घेणाऱ्यांसाठी: गाडी ऑगस्टमध्ये बघायला जा. दार उघडताच आधी वास घ्या. सीट मागे सरकवून कार्पेटखालचा फोम चिमटीत दाबा. सुट्या टायरची जागा असेल तर तिच्या तळाला गंजाची रेघ आहे का पाहा. टप सलग तीनदा उघडमीट करा. तिसऱ्यांदा मंदावला तर तेल कमी आहे किंवा मोटर थकली आहे. मालक म्हणाला की कालच धुतली म्हणून ओली आहे, तर दोन दिवसांनी परत जा आणि तोच फोम पुन्हा दाबा.