धनिकशाही, अभिजन, धनदांडगे, मिंधेपणा : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : सरकार लोकांनी निवडून दिलेलं असतं, पण निर्णय मूठभर श्रीमंतांच्या सोयीचे होत राहतात. या स्थितीला मराठीत नेमकं काय म्हणावं? लेखांत 'अभिजन', 'धनदांडगे', 'भांडवलशाही', 'धनिकशाही', 'अल्पजनशाही' हे सगळे शब्द एकाच अर्थाने आलेले दिसतात. ते एकमेकांच्या जागी वापरले तर काही बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवतो, आणि बोट चुकलं की दोषही भलत्याच्या माथी जातो.

'भांडवलशाही' आधी बाजूला ठेवू. उत्पादनाची साधनं कोणाच्या मालकीची, एवढंच तो शब्द सांगतो. राज्य कोण चालवतं ते सांगत नाही.

'अभिजन' समाजशास्त्रातून रूढ झाला. मूळ अर्थ कुलीन माणसं. त्यात विद्वान येतात, बडे अधिकारी येतात, नामवंत कलावंतही येतात. 'धोरणांवर अभिजनांचा प्रभाव' असं लिहिलं की पैसा वाक्यातून अलगद निसटतो आणि उरते ती प्रतिष्ठा. ज्याच्याविषयी तक्रार करायची त्यालाच आपण मानाचं पान देतो. मला हा शब्द या संदर्भात अजिबात पटत नाही.

'धनदांडगे' ठसकेबाज आहे, राग नीट पोचवतो. पण दांडगाई दिसते, ऐकू येते. पैशाचं खरं काम बहुतेक वेळा आवाज न करता होतं. कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा पगारी वकिलांकडून मुद्देसूद निवेदनं कोण पाठवू शकतं? मग व्याख्येच्या कलमात एक 'वगळून' येतो, अंमलबजावणीची मुदत पुढे सरकते, एका परिशिष्टात सूट बसते. दांडगाई कोणीच केलेली नसते. म्हणून जिथे खरोखर धाकदपटशा आहे तिथेच हा शब्द राखून ठेवावा.

'अल्पजनशाही' हा 'ऑलिगार्की' या मूळ ग्रीक शब्दाचा शब्दशः अनुवाद, थोड्यांचं राज्य. पण ॲरिस्टॉटलनेच सांगून ठेवलं आहे की संख्या हा योगायोग आहे. श्रीमंत सगळीकडे थोडे असतात, इतकंच. श्रीमंत बहुसंख्य असते आणि त्यांनी श्रीमंतीच्या बळावर राज्य केलं असतं, तरी त्याने त्या राज्याला हेच नाव दिलं असतं. म्हणजे त्याच्या मनातल्या अर्थाला 'धनिकशाही' जास्त जवळचा.

आणि 'धनिकशाही' शुद्ध स्वरूपात बघायची तर प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात बघावी. तिथे 1849 पासून 1918 पर्यंत मतदारांचे तीन वर्ग होते. एकूण कराचे तीन समान भाग करायचे. सर्वाधिक कर भरणाऱ्यांपासून मोजत पहिला भाग जिथे पुरा होईल तिथवरचे लोक पहिल्या वर्गात, आणि पुढे तसंच. तिन्ही वर्गांच्या हाती सारखीच ताकद. सुरुवातीला पहिल्या वर्गात जेमतेम 5 टक्के मतदार होते, तिसऱ्यात 80 टक्क्यांहून अधिक. एसेन शहराच्या नगरपरिषदेला हीच पद्धत होती, आणि तिथे काही निवडणुकांत पहिल्या वर्गात एकच मतदार उरला : पोलादाचा कारखानदार क्रुप. परिषदेतल्या एक तृतीयांश जागा एकट्याच्या मताने भरल्या जात. मताचं वजन कायद्यानेच तिजोरीवर ठरवलेलं होतं. ही धनिकशाही.

शंका : आज तर प्रत्येकाला एकच मत आहे. मग आजच्या स्थितीला काय म्हणायचं?

उत्तर : माझ्या मते 'मिंधेपणा'. ज्याचं घेतलं त्याच्यापुढे मान वर करता न येणं. भारतातलं निवडणूक रोख्यांचं, म्हणजे राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी काढलेल्या रोख्यांचं, प्रकरण घ्या. कंपन्यांना पूर्वी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 7.5 टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येई. 2017 मध्ये ती मर्यादा उठली, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही कितीही देता येऊ लागलं; आणि रोख्यांमुळे देणाऱ्याचं नाव मतदारापासून झाकलं गेलं. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 5 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. देणगीच्या बदल्यात पदरात काही पडत असण्याची शक्यता असताना मतदाराला देणारा कळलाच पाहिजे, असा त्या निकालाचा रोख आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण माणूस कोणाचा मिंधा आहे हे ठाऊक नसेल तर त्याचा निर्णय तोलायचा कशावर?

शंका : पण 'मिंधा' म्हणजे लाचखाऊच ना? शिवाय हल्ली तो नुसता टोमणा झाला आहे.

उत्तर : टोमण्यात झिजला आहे हे खरं, पण म्हणून टाकून देऊ नये. लाचेत सौदा असतो : एवढे घे, हे काम कर. मिंधेपणात कोणी काही मागितलेलंही नसतं. 'मी कोणाचा मिंधा नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा 'मी लाच खात नाही' असं म्हणत नसतो. कोणाच्या उपकाराखाली दबलेलो नाही, एवढंच सांगत असतो. लाच सिद्ध करता येते, शिक्षा देता येते. मिंधेपणाला कलम लागत नाही, म्हणून त्याला निदान शब्द तरी हवा.

शंका : आणि 'कुडमुडी भांडवलशाही'?

उत्तर : इंग्रजी 'क्रोनी कॅपिटॅलिझम'साठी, म्हणजे सत्ताधारी आणि उद्योगपती यांच्या संगनमतासाठी, तो वृत्तपत्रांतून रुळला आहे, पण अर्थ हुकतो. कुडमुड्या जोशी म्हणजे अर्धवट ज्ञानाचा, पोटापुरतं भविष्य सांगणारा. कुडमुडी म्हणजे कच्ची, नावापुरती. सत्ता आणि पैसा यांची जोडी मात्र चांगली मुरलेली असते. तिथे 'साटेलोटे' चपखल. त्या घरची मुलगी या घरात, या घरची त्या घरात, असा दुहेरी व्यवहार त्या शब्दात आधीच आहे. एका बाजूने देणगी, दुसऱ्या बाजूने परवाना.

शंका : एक वाक्य दुरुस्त करून द्याल का? 'सरकारवर उद्योगपतींचा प्रभाव आहे.'

उत्तर : 'प्रभाव' काढा, तो हवामानाचाही असतो. एकाच बाजूचं चालत असेल तर 'सरकारदरबारी त्यांचं वजन आहे' म्हणा. देवाणघेवाण दाखवता येत असेल तर 'साटेलोटे आहे' म्हणा, आणि लगेच पुढच्या वाक्यात कोणी काय दिलं आणि त्याला काय मिळालं ते लिहा. ते लिहिता येत नसेल तर 'साटेलोटे' लिहू नका.