‘वॉज वेअरिंग’ म्हणजे ‘घालत होता’?

शब्दओळ: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. म्हातारा खिडकीपाशी आहे, अंगात कोट आहे, बाहेर पाऊस. मूळ लेखकाने तिन्ही क्रियापदं एकाच साच्यात घातलीत: वॉज सिटिंग, वॉज वेअरिंग, वॉज वॉचिंग. मी लिहिलं, ‘म्हातारा खिडकीपाशी बसला होता. त्याने राखाडी कोट घातला होता. तो पाऊस बघत होता.’

संपादकांचा शेरा आला: ‘मुळात चालू भूतकाळ आहे, तुम्ही दोन ठिकाणी पूर्ण भूतकाळ केलात.’ दुरुस्तीही त्यांनीच करून पाठवली: ‘म्हातारा खिडकीपाशी बसत होता. तो राखाडी कोट घालत होता.’ वाचलं आणि डोळ्यांपुढे आला तो खुर्चीत टेकू पाहणारा माणूस, एक बाही चढवलेली, दुसरी अजून शोधतोय. मला ते पटत नाही, पण नियम म्हणून काय सांगू? शिवाय पुढच्याच परिच्छेदात दाराशी एक छत्री ‘वॉज लाइंग’ आहे. ‘पडली होती’ लिहिलं तर ती कुणाच्या हातून पडली असं वाटेल का?

अर्धविराम: तुमचं वाक्य बरोबर आहे, मागे हटू नका. इंग्रजी ‘सिट’ हे बसून असण्याचंही क्रियापद आहे. आपलं ‘बसणे’ म्हणजे उभ्याचं बसतं होणं. ते क्षणात संपतं आणि मागे उरते ती अवस्था. ती अवस्था आपण ‘बसला होता’ने सांगतो. झोपणे, टेकणे, धरणे, घालणे, पांघरणे, सगळ्यांचं हेच. संपादकांना एक परीक्षा करून दाखवा: वाक्यात ‘तासभर’ घाला. ‘तासभर बसला होता’ सरळ चालतं. ‘तासभर बसत होता’ म्हटलं की माणूस तासभर उठबस करतोय. ‘बघणे’ मात्र मुळातच लांबणारी क्रिया, म्हणून ‘तासभर बघत होता’ नीट बसतं.

जुनाछाप: परीक्षा मान्य, उपाय अमान्य. ‘बसला होता’ला व्याकरणात पूर्ण भूतकाळ म्हणतात, त्यातून ‘आधी बसला, मग उठून गेला’ हाही अर्थ निघतो. अवस्थाच दाखवायची तर ‘बसलेला होता’, ‘कोट घातलेला होता’ असं लिहावं. धातुसाधित विशेषण आपल्याकडे असताना संदिग्ध रूप कशाला? आणि हल्ली सगळेच ‘करत होता’ लिहितात तेही खटकतं. करीत, मारीत, सोडीत ही सकर्मक धातूंची रूपं. बसत, चालत ही अकर्मकांची. हा भेद लेखनातून पुसला जातोय.

अर्धविराम: ‘करत’ आज छापील मराठीतही सर्रास आहे, त्याला चूक कसं म्हणणार? आणि ‘लेला होता’ची तीन वाक्यं ओळीने वाचून पाहा, परिच्छेद पंचनाम्यासारखा वाटायला लागतो.

उलटपालट: मी याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने पडलोय. नोकरीच्या मुलाखतीत एका गृहस्थांचा विषय निघाला. मनात ‘मी त्यांना ओळखत होतो’ होतं, तोंडातून आलं ‘आय वॉज नोइंग हिम’. समोरच्यांनी तिथेच थांबवून दुरुस्त केलं आणि पुढचा अर्धा तास मी प्रत्येक वाक्य मोजून बोललो. ओळखणे, आवडणे, समजणे यांना मराठीत ‘त होतं’ बिनदिक्कत चालतं: ‘मला ते आवडत होतं’, ‘सगळं समजत होतं’. इंग्रजीत नो, लाइक, अंडरस्टँड ही अवस्थेची क्रियापदं, त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. म्हणजे जिथे आपण ‘त होता’ वापरतो तिथे इंग्रजी साधा भूतकाळ घेते आणि जिथे इंग्रजीला आयएनजी हवा तिथे आपण ‘ला होता’ म्हणतो. शाळेत मात्र ‘आयएनजी दिसला की त होता’ एवढंच घोकून घेतलं.

उलटपालट: आणखी एक राहिलं. ‘अरे, विसरतच होतो’, ‘मी आत्ता पडत होतो’ यांत विसरणं किंवा पडणं झालेलंच नसतं, होता होता राहिलेलं असतं. त्याच रूपाची ही वेगळी छटा.

धातुशोधक: या ‘त’चं मूळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘करत’, ‘चालत’मधला त हा संस्कृतच्या शतृ प्रत्ययाचा, म्हणजे गच्छन्त्, चलन्त् मधल्या ‘अन्त्’चा वंशज. जुन्या इंग्रजीतही वर्तमान धातुसाधिताचा प्रत्यय आयएनजी नव्हता, ‘एंडे’ होता, आणि तो आपल्या ‘अन्त्’चा सख्खा भाऊ. पुढे आयएनजीने त्याची जागा घेतली. मधल्या काळात ‘वॉज ऑन हंटिंग’ अशीही रचना होती, म्हणजे शब्दशः ‘शिकारीवर होता’. ‘ऑन’ झिजून ‘अ-हंटिंग’ झालं. मला हे फार सुंदर वाटतं.

शुद्धतेचं म्हणाल, तर ‘घर बांधलं जात होतं’ याला इंग्रजीत पूर्वी ‘द हाउस वॉज बिल्डिंग’ म्हणत. ‘वॉज बीइंग बिल्ट’ हे रूप 18व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलं आणि 19व्या शतकात व्याकरणवाल्यांनी त्यावर कडाडून टीका केली. आज तेच प्रमाण आहे.

जुनाछाप: इंग्रजीत टीकाकार हरले म्हणून मराठीत भेद सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. ‘करीत’मधली ई कुणी चिकटवलेली नाही, ती धातूच्या गणातून, म्हणजे रूपं ज्या वर्गाप्रमाणे चालतात त्यातून, आली आहे.

धातुशोधक: गणातून आली हे खरंच. पण बोलणाऱ्याच्या कानाला तो गण आज ऐकू येत नाही.

पानगळ: मूळ प्रश्नाकडे येऊ का? ‘घालून’, ‘बसून’मधल्या ‘ऊन’ प्रत्ययाचा विषय कुणीच काढला नाही. ‘राखाडी कोट घालून म्हातारा खिडकीपाशी बसला होता, पाऊस बघत.’ तीन ‘होता’ऐवजी एकच उरतो आणि काळाचा वादच मिटतो. छत्रीलाही तेच: ‘दाराशी एक छत्री पडून होती.’

शब्दओळ: कोटाचं वाक्य तसंच उचलते, मनापासून आभार! छत्रीला मात्र ‘पडून होती’ चालणार नाही. त्यात ती कित्येक दिवस तिथेच आहे असं येतं. कथेत ती ओली आहे, खालच्या फरशीवर पाणी पसरतंय, कुणीतरी नुकतंच आत आलंय. हे वाचकाला तिथेच कळायला हवं. ‘पडली होती’च ठेवते.

जुनाछाप: मग ‘पडलेली होती’ लिहा.